पाचाचे आठ कसे करावेत
(नेपाळ सीमेवर खरेदी करू इच्छिणाऱ्या नवशिक्यांसाठी बाळबोध मार्गदर्शिका)

प्रस्तावना

दोनाचे चार कसे करावेत, हे सांगायला आपल्याकडे वधू-वर सूचक मंडळे आहेत. पाचाचे आठ करायचे असतील तर मात्र गोरखपूरला उतरून सोनौलीची बस धरावी लागते. तिथली कमान ओलांडली की पलीकडे बेलहिया, आणि तुमच्या खिशातल्या पाच भारतीय रुपयांचे झाले आठ नेपाळी रुपये. मुदत नाही, अर्ज नाही, जामीनदार नाही. एवढा परतावा देणारी योजना गावात आली असती, तर आपण आधी पैसे गुंतवले असते आणि नंतर पोलीस ठाण्यात गेलो असतो. इथे मात्र सगळे कायदेशीर आहे.

काशी-अयोध्या-नेपाळ असा एकत्र दौरा करणाऱ्या मराठी प्रवाशांसाठी ही मार्गदर्शिका लिहिली आहे. लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ, मनकामना आणि पशुपतिनाथ उरकल्यावर टूर मॅनेजर ज्यांना ‘खरेदीला फक्त पाऊण तास’ देतो, त्यांना बसमध्ये वाचून होईल एवढीच ती ठेवली आहे.

लागणारे साहित्य: सोळाचा पाढा, दोन वेगळे खिसे, शंभराच्या भरपूर नोटा, आणि आपण घेतलेली वस्तू शेजारच्या सीटवरच्या काकूंनी किती स्वस्तात आणली, हे परतीच्या वाटेवर ऐकून घेण्याची मनाची तयारी.

पाठ पहिला: आजचा दर

रोज सकाळी उठून शेअर बाजार पाहायची सवय असलेला एक तरी गृहस्थ प्रत्येक बसमध्ये असतो. तो चहा घेता घेता विचारतो, “आज काय दर चाललाय?” त्याला नम्रपणे सांगावे: शंभराला एकशे साठ. उद्या विचारले तरी हेच सांगावे. त्याच्या नातवाने विचारले तरी बहुधा हेच सांगावे लागेल.

नेपाळ राष्ट्र बँकेने १९६० मध्ये पहिल्यांदा भारतीय रुपयाशी आपला रुपया बांधला, तो १.६० या दराने. १९६६ च्या जूनमध्ये भारताने आपल्या रुपयाचे अवमूल्यन केले आणि डॉलर ४.७६ वरून ७.५० वर गेला. नेपाळने तेव्हा आपला रुपया खाली आणला नाही. त्यामुळे शंभर भारतीय रुपयांना जेमतेम एकशे एक नेपाळी रुपये मिळू लागले. हा काळ सीमेपलीकडे मिरवू पाहणाऱ्या भारतीयांसाठी अत्यंत वाईट होता. पुढे पायरीपायरीने दर बदलत गेला आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये पुन्हा १.६० वर येऊन बसला. त्यानंतर नेपाळात राजा गेला, प्रजासत्ताक आले, भूकंप झाला, सीमेवर नाकेबंदी झाली, आपल्याकडे नोटाबंदी झाली; दर जागचा हलला नाही. त्याच काळात डॉलर एकतीसच्या आसपास होता तो ऐंशीच्या पुढे गेला. म्हणजे आपला रुपया घसरला की नेपाळचाही तितकाच घसरतो.

हे आपोआप होत नाही. भारतीय रुपयांची मागणी वाढली की राष्ट्र बँक आपल्या तिजोरीतले डॉलर विकून भारतीय रुपये विकत घेते आणि बाजाराला पुरवते. त्या तिजोरीला मोठा टेकू आहे तो आखातात आणि मलेशियात राबणाऱ्या नेपाळी कामगारांनी घरी पाठवलेल्या पैशांचा. दोहाच्या उन्हात कोणी तरी विटा वाहतो, म्हणून बेलहियातल्या दुकानात तुमच्या शंभराचे बिनबोभाट एकशे साठ होतात. चहा घेणाऱ्या गृहस्थाला हेही सांगावे. तो गप्प बसतो.

पाठ दुसरा: तोंडी हिशेब

भारतीय रुपयांचे नेपाळी करणे सोपे आहे. दहाचे सोळा. ज्यांनी लहानपणी छडीच्या धाकाने सोळाचा पाढा पाठ केला, त्यांना त्याचे फळ मिळण्याचे पृथ्वीवरचे हे एकमेव ठिकाण.

उलटा हिशेब कठीण वाटतो. दुकानदार नेपाळी रुपयांत किंमत सांगतो आणि आपण मोबाइल काढून १.६ ने भागू लागतो. तेवढ्यात त्याने ओळखलेले असते की हे गिऱ्हाईक नवे आहे. म्हणून पुढील कृती पाठ करावी: किंमत निम्मी करा, त्या निम्म्याचा पाव भाग त्यात मिळवा. नेपाळी आठशे असतील तर निम्मे चारशे, त्याचा पाव शंभर, एकूण पाचशे. चोवीसशे असतील तर बाराशे अधिक तीनशे, पंधराशे. पैशापर्यंत बरोबर. पावकी-निमकी शिकलेल्या आज्यांना हे सांगावे लागत नाही. इंजिनिअर नातवाला सांगावे लागते.

टीप: काही दुकानदार ‘सोयीसाठी’ शंभराला दीडशे धरतात. सोय त्यांची असते. शेकडा सव्वासहा रुपयांचा हा चटका टाळायचा असेल तर पाटीवर ‘सटही’ असे लिहिलेल्या अधिकृत पैसे-बदलीच्या दुकानात जावे. राष्ट्र बँकेच्या तक्त्यात शंभर भारतीय रुपयांचा खरेदीचा दर १६० आणि विक्रीचा १६०.१५ असा असतो. ते पंधरा पैसे सोडून द्यावेत. त्यावर वाद घालणारे पुणेकर तिथल्या कर्मचाऱ्यांना परिचित आहेत.

पाठ तिसरा: पहिला प्रश्न

कोणत्याही वस्तूला हात लावण्यापूर्वी विचारावे: “आयसी की एनसी?” आयसी म्हणजे भारतीय चलन, एनसी म्हणजे नेपाळी. सीमेवरचा अख्खा व्यवहार या दोन शब्दांवर चालतो. हा प्रश्न न विचारल्यास काय होते, ते पुढील सोडवलेल्या उदाहरणावरून कळेल.

उदाहरण. शालीची किंमत बत्तीसशे. तुम्ही हसता. शाल घडी न करता बाजूला ठेवता. दारापर्यंत जाता. मागून हाक येते, “दीदी, अट्ठाईस सौ!” पुन्हा दार, पुन्हा हाक. शेवटी चोवीसशेला सौदा पटतो. तुम्ही विजयी मुद्रेने शंभराच्या चोवीस नोटा मोजून देता.

उत्तर. बत्तीसशे एनसी होते, म्हणजे दोन हजार आयसी. तुम्ही दिलेले चोवीसशे आयसी होते, म्हणजे अडतीसशे चाळीस एनसी. मागितल्यापेक्षा सहाशे चाळीस एनसी जास्त देऊन, आठशे रुपये कमी केल्याच्या आनंदात तुम्ही बसमध्ये चढता. यात दुकानदाराला दोष देता येणार नाही. त्याने तुम्हाला दोनदा हाक मारली होती.

हे उदाहरण घरी सोडवू नये. विशेषतः शाल सासूबाईंना देऊन झाल्यावर तर नाहीच.

पाठ चौथा: नोटांचे शास्त्र

भारतीय नोट नेपाळात चालते, हे अर्धसत्य आहे. कोणती नोट चालते, हा खरा प्रश्न. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने शंभराच्या वरच्या नोटाही पंचवीस हजार रुपयांपर्यंत नेपाळला न्यायची मुभा दिली. लोकांनी विश्वासाने पाचशे-हजाराच्या नोटा नेल्या, काहींनी तिकडे जपून ठेवल्या, आणि पुढच्याच वर्षी ८ नोव्हेंबरच्या रात्री त्यांचे कागद झाले. नेपाळातल्या त्या नोटांचे करायचे काय, हा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. ताकही फुंकून पिण्याच्या न्यायाने नेपाळ सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये दोनशे, पाचशे आणि दोन हजारांच्या भारतीय नोटा चालणार नाहीत असे जाहीर केले. तेव्हापासून मराठी यात्रेकरूंच्या कमरेच्या पाकिटात शंभराच्या नोटांची चळत आली. पंचवीस हजार न्यायचे म्हणजे अडीचशे नोटा. यात्रेकरू जाताना जाड दिसायचे आणि येताना बारीक. २०२५ अखेरीस ही गाठ सैल करण्याची पावले दोन्ही बाजूंनी पडली. तरी निघण्याआधी ताजा नियम पाहून घ्यावा. दर हलत नाही, पण नियमांना पाय आहेत.

नेपाळी नोटा ओळखणे सोपे आहे. राजेशाही संपल्यावर त्यांवरचा राजा जाऊन एव्हरेस्ट आला. मागे प्राणी आहेत. पाचावर याक, दहावर काळवीट, शंभरावर गेंडा, पाचशेवर वाघ, हजारावर हत्ती. त्यामुळे हिशेब विसरला तरी प्राणी लक्षात ठेवून काम भागते: हत्ती दिला तर एक-दोन गेंडे परत आले पाहिजेत. मराठी माणसाला वाघ मोडणे जड जाते, म्हणून तो आधी हत्ती मोडतो आणि बदल्यात वाघच मिळतो.

मार्च २०२४ पासून अनेक दुकानांत आपल्या यूपीआयने फोनपेचा क्यूआर स्कॅन करून पैसे देता येतात. (ही नेपाळची फोनपे, आपल्याकडे त्याच उच्चाराची कंपनी आहे, ती वेगळी.) मोबाइलवर भारतीय रुपयांतली रक्कम आपोआप दिसते. पाठ दुसरा आणि तिसरा त्यामुळे निकामी होतात, म्हणून प्रस्तुत लेखक या सोयीचा निषेध करतो.

पाठ पाचवा: स्वस्त काय आणि का

आता या शास्त्राचे मर्म सांगायची वेळ आली. पाचाचे आठ झाले म्हणजे तुम्ही श्रीमंत झालात, असे नाही. आकडे वाढले, त्याच मापात किमतीही वाढल्या. जो दर तीस वर्षे हलला नाही, तो कुठल्याही वस्तूला आज स्वस्त आणि उद्या महाग करू शकत नाही. सीमेच्या दोन बाजूंना किमतीत फरक पडतो तो करांमुळे आणि बंदीमुळे. नवशिके दराकडे बघतात. मुरलेले लोक अर्थसंकल्पाकडे.

पुरावा पहिला: फॉरेनचा माल. सत्तर-ऐंशीच्या दशकात काठमांडूच्या न्यू रोडवरून टेपरेकॉर्डर, घडी होणारी छत्री आणि नायलॉनचे कापड आणणे ही मध्यमवर्गीय मराठी घरात परदेशवारीची खूण होती. तेव्हा आपली आयात कुलूपबंद होती आणि नेपाळची बऱ्यापैकी उघडी. कुलूप १९९१ नंतर निघाले. आता तीच छत्री दादरच्या फुटपाथवर मिळते आणि नेपाळला जाऊन ती आणणाऱ्याकडे लोक काळजीने पाहतात.

पुरावा दुसरा: पेट्रोल. नेपाळला इंधन पुरवते आपली इंडियन ऑइल. बिहारमधल्या मोतिहारीपासून नेपाळातल्या अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटरची नळी टाकली आहे. २०१९ च्या सप्टेंबरात दोन्ही पंतप्रधानांनी तिचे उद्घाटन केले. २०२१ च्या सुरुवातीला आपल्याकडच्या करांनी पेट्रोल इतके चढले, की नेपाळात ते लिटरमागे वीसेक भारतीय रुपयांनी स्वस्त पडू लागले. मग इकडून गेलेले पेट्रोल कॅनमध्ये बसून सायकलवरून माहेरी परत येऊ लागले.

पुरावा तिसरा: मोटार. आपल्याकडची साधी छोटी गाडी सीमा ओलांडून गेली की तिची किंमत १.६ चा हिशेब धरूनही दुपटीच्या वर जाते, कारण नेपाळ तिच्यावर कर आणि शुल्कांचे थरावर थर चढवतो. तिकडे कोणी आपल्या गाडीचे कौतुक केले तर विनयाने किंमत सांगू नये. यजमानांना रात्री झोप लागत नाही.

पुरावा चौथा: कांदा. नेपाळ खातो तो कांदा बहुतांशी आपल्याकडून जातो. डिसेंबर २०२३ मध्ये भारताने निर्यातबंदी केली, ती मे २०२४ मध्ये उठली. लासलगावच्या बाजारात त्या दिवसांत शेतकरी भाव पडला म्हणून लिलाव बंद पाडत होते आणि काठमांडूत गृहिणी भाव भडकला म्हणून डोक्याला हात लावत होत्या. एकच कांदा दोन्हीकडे रडवत होता. विनिमयाचा दर? शंभराला एकशे साठ.

तेव्हा खरेदी करावी ती जिथल्या तिथे जे पिकते वा घडते त्याची: रुद्राक्ष, पश्मिना, पितळी वाडगे, थांका चित्रे. काली गंडकीतला शाळीग्राम घेताना भाव करू नये असे जाणकार सांगतात. हे जाणकार बहुधा शाळीग्राम विकतात. कागदाच्या प्रमाणपत्रासह मिळणारा एकमुखी रुद्राक्ष घ्यायचाच असेल, तर निदान प्रमाणपत्र खरे आहे याची खात्री करून घ्यावी.

पाठ सहावा: उलट दिशेचे विद्यार्थी

आतापर्यंतचे पाठ वर्षातून एकदा येणाऱ्या हौशी मंडळींसाठी झाले. या शास्त्राचे पदवीधर रोज सकाळी समोरून येतात. भैरहवाच्या गृहिणी सोनौली-नौतनवाला, वीरगंजच्या रक्सौलला, विराटनगरच्या जोगबनीला. सतराशेपेक्षा जास्त किलोमीटरची ही सीमा १९५० च्या करारापासून दोन्हीकडच्या माणसांना खुली आहे. पासपोर्ट नको, व्हिसा नको. साखर, तेल, डाळ, भांडी, लग्नाच्या साड्या इकडून घ्यायच्या आणि सायकल रिक्षात बसून घरी जायचे, हे त्यांचे आठवड्याचे वाणसामान आहे. त्याला परदेशी खरेदी म्हटले तर त्या हसतील.

मध्ये फक्त एक गोष्ट आडवी येते. नेपाळी जकातीला भन्सार म्हणतात, आणि भन्सारचा एक नियम असा, की शंभर नेपाळी रुपयांहून जास्त किमतीचा माल आणला तर शुल्क भरा. शंभर नेपाळी म्हणजे साडेबासष्ट भारतीय रुपये. किलोभर साखर आणि वर एक बिस्किटांचा पुडा. दुसरा पुडा घेतलात की तुम्ही आयातदार.

हा नियम वर्षातला बहुतेक काळ झोपलेला असतो. मधूनच कोणी तरी त्याला उठवते. २०२३ मध्ये तो असाच जागा झाला, आणि सीमेवर पिशव्या उघडून साखर मोजली जाऊ लागली. सीमेलगतच्या तराईत बोंबाबोंब झाली. अशा वेळी पदवीधर मंडळी जी तंत्रे वापरतात ती शास्त्रीय कुतूहल म्हणून नोंदवतो; अनुकरण करू नये. नवी साडी नेसून परतणे. नव्या चपला पायात घालून जुन्या तिथेच सोडणे. नव्या कुकरचे खोके फेकून कुकरमध्येच भाजी भरून नेणे. पाच जणांच्या कुटुंबाने पाच पिशव्या घेऊन एकमेकांना न ओळखल्यासारखे चालणे. नेमके याच वेळी धाकटे पोर “आई!” म्हणून हाक मारते.

यावर हसण्यापूर्वी एक हिशेब करावा. ट्रक भरून माल चोरून नेणारे या कमानीखालून पिशव्या घेऊन चालत नाहीत. शंभर रुपयांच्या नियमात सापडते ती दोन किलो साखर वाचवू पाहणारी बाई. सरकारला तिच्याकडून मिळणारे शुल्क पावतीच्या कागदालाही पुरत नसावे.

पाठ सातवा: परतीचा प्रवास

आपल्याकडचा नियमही तितकाच रसाळ आहे. २०१६ च्या बॅगेज नियमांप्रमाणे नेपाळहून विमानाने येणाऱ्याला पंधरा हजारांपर्यंतच्या वस्तूंवर शुल्क नव्हते. जमिनीवरून येणाऱ्याला मात्र फक्त वापरातल्या वस्तूंची सूट. विमानाचे तिकीट परवडते त्याला सवलत, बसने धक्के खात येणाऱ्याला शून्य. म्हणून मे महिन्यात गोरखपूरच्या फलाटावर, पारा चाळिशीच्या वर असताना, अंगात एकावर एक दोन जॅकेटे चढवून घाम पुसणारा मराठी गृहस्थ दिसला तर त्याला आजारी समजू नये. तो वापरातल्या वस्तू वापरत असतो.

उरलेल्या नेपाळी नोटा सीमेच्या अलीकडे एखाद-दोन बाजारांपर्यंतच चालतात. पुण्याच्या रिक्षावाल्याला गेंडा दाखवून उपयोग होत नाही. तेव्हा शेवटच्या टपरीवर वाईवाई नूडल्सची पाकिटे घेऊन हिशेब मिटवावा. घड्याळ पंधरा मिनिटे मागे करावे. बिलावर विक्रम संवताचे साल असते, ते पाहून दुकानदाराने सत्तावन्न वर्षे पुढची तारीख टाकली म्हणून परत फिरू नये, बस सुटेल.

परिशिष्ट: गणितात नापास झालेल्यांसाठी

ज्यांना सोळाचा पाढा जमत नाही त्यांनी भूतानला जावे. जयगावची कमान ओलांडली की फुंटशोलिंग. तिथला ङुल्ट्रम १९७४ मध्ये सुरू झाला आणि तो भारतीय रुपयाच्या बरोबरीने चालतो. एकाला एक. पाचाचे पाचच राहतात. त्यामुळे श्रीमंत झाल्याचा भास होत नाही, आणि भास न झाल्याने खर्चही कमी होतो.

स्वाध्याय

१. रिकाम्या जागा भरा: भारतीय रुपया डॉलरपुढे घसरला की नेपाळी रुपया ______.

२. जोड्या लावा: हत्ती, गेंडा, वाघ, ३१२.५० आयसी, ६२५ आयसी, ६२.५० आयसी.

३. चूक की बरोबर ते सांगा: ‘तो दुकानदार म्हणाला, तुमच्यासाठी म्हणून हा भाव.’

४. शास्त्रीय कारणे द्या: भारतातून गेलेले पेट्रोल सायकलने परत येते.

५. निबंध लिहा: ‘मी भन्सार अधिकारी झालो तर’. (गुण शंभर. शंभराच्या वर गुण मिळाल्यास शुल्क भरावे लागेल.)